दोन कोटींत एक

दिल्लीतल्या एखाद्या मोठ्या पंपावर पेट्रोल लिटरवर मिळते आणि शेजारच्याच रांगेत सीएनजी किलोवर. गाडीवाला घरी पोचतो तेव्हा पाइपातून येणाऱ्या गॅसचे बिल घनमीटरमध्ये आलेले असते, आणि जिथे पाइप पोचलेला नाही तिथल्या सिलिंडरवर १४.२ किलो असे रंगवलेले असते. यातले सीएनजी आणि पाइपातला गॅस हे तर मुळात एकच, मुख्यतः मिथेन. तरी एक तोलून विकला जातो आणि दुसरा मापून. रसायनशास्त्राच्या पहिल्या धड्यात पदार्थ, त्याचे गुणधर्म आणि मोजमाप अशी तीन नावे एकापाठोपाठ येतात. ती तिन्ही एकमेकांत कशी गुंतलेली आहेत हे समजून घ्यायला या पंपाइतकी चांगली जागा नाही.

पेट्रोल द्रव आहे. दाब वाढवला तरी त्याचे आकारमान जवळपास बदलत नाही, म्हणून ते लिटरने मोजले तर चालते. मात्र तापमानाने ते थोडे फुगते. एका अंशाला हजारात सुमारे एक भाग. दिल्लीत जानेवारीची पहाट आणि जूनची दुपार यांत चाळीस अंशांचे अंतर पडते, म्हणजे उघड्या डब्यातल्या लिटरमागे सुमारे चार टक्क्यांचा फरक. टाक्या जमिनीखाली असल्याने प्रत्यक्षात तो बराच कमी होतो. तरीही पंपावर घनतेची नोंद ठेवताना ती १५ अंश सेल्सिअसला किती भरली असती असे हिशेबाने काढूनच लिहितात. तापमान न सांगता घनता सांगितली तर तो आकडा अर्धवट राहतो.

वायूची गोष्ट वेगळी. तो मिळेल तेवढी जागा व्यापतो, म्हणून ‘एक लिटर गॅस’ या शब्दांना दाब आणि तापमान सांगितल्याशिवाय अर्थच नाही. सीएनजीच्या ६० लिटरच्या टाकीत २०० बारच्या आसपास दाबाने साधारण नऊ किलो वायू बसतो. तीच टाकी मोकळ्या हवेच्या दाबाला त्याच वायूने भरली तर आत पन्नास ग्रॅमही नसतील. शिवाय भरताना टाकी तापते आणि घनता क्षणोक्षणी बदलते. बदलत नाही ते फक्त वस्तुमान. म्हणून पंपावरचे यंत्र नळीतून जाणारे वस्तुमानच थेट मोजते. घरच्या पाइपात दाब अगदी कमी आणि बऱ्यापैकी स्थिर असतो, म्हणून तिथे आकारमान चालते, पण ‘प्रमाण घनमीटर’ म्हणजे ठराविक दाबाचा व १५ अंशांचा घनमीटर ही अट घालूनच. २८ जुलै १९९८ रोजी एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर आणायचा आदेश दिला. तेव्हापासून या शहरातल्या लाखो माणसांनी एक लिटर आणि एक किलो यांतला फरक खिशातून शिकला आहे. त्यांना तो शिकल्याचे कुणी सांगितले नाही, एवढेच.

मराठीत या विषयाची सुरुवात शब्दापासूनच अडखळते. पदार्थ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आधी थालीपीठ येते. शाळेने म्हणून ‘द्रव्य’ हा शब्द घेतला आणि स्थायू, द्रव, वायू ही त्याच्या अवस्थांची नावे. दिल्लीतल्या मराठी घरातले मूल मात्र शाळेत ठोस, द्रव, गैस शिकते; आपल्या वस्तुमानाला ते ‘द्रव्यमान’ म्हणते आणि आकारमानाला ‘आयतन’. आजोबांना गृहपाठ दाखवताना दोघांचीही पंचाईत होते. पण या दोन्ही भाषांच्या तळाशी एकच जुना शब्दसाठा आहे. वैशेषिक दर्शनात द्रव्य म्हणजे गुण ज्याच्या आश्रयाने राहतात ते. त्या दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी मोजलेल्या चोवीस गुणांत रूप, रस, गंध, स्पर्श तर आहेतच, पण संख्या, परिमाण, गुरुत्व आणि द्रवत्वही आहेत. जडपणा आणि वाहतेपणा यांना रंग-वासाच्या पंक्तीला बसवणारी ही यादी मला फार मोलाची वाटते. त्या परंपरेने जडपणाला आकडा लावणारी प्रयोगशाळा उभी केली नाही हे खरे, आणि त्या दर्शनाचे प्रवर्तक कणाद यांच्या परमाणूला आजच्या अणूचा पूर्वज ठरवायची घाई मी करणार नाही. पण माप हा द्रव्याचा एक गुण आहे, हे ओळखणे ही लहान गोष्ट नव्हती.

आकडा लावायचे काम बाजाराने केले, आणि तेही फार आधी. जनपथावरच्या राष्ट्रीय संग्रहालयात हडप्पा संस्कृतीच्या दालनात घासून गुळगुळीत केलेले दगडी चौकोनी ठोकळे आहेत. ती वजने आहेत. त्यांची श्रेणी दुपटीने चढते : एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, आणि त्यातले सोळापटीचे वजन तेरा ग्रॅमच्या जरा वर भरते. हे वाचल्यावर मराठी माणसाला आपल्या घरातले कोष्टक आठवलेच पाहिजे. दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. हडप्पाची पायली झाली असा दावा मी करत नाही. दुपटीची श्रेणी पुनःपुन्हा सापडते याचे कारण तराजूत आहे : काहीही दोन पारड्यांत सारखे विभागणे हे सर्वांत सोपे मोजमाप. दशमान पद्धतीला बोटे लागतात, दुपटीला फक्त पारडी.

फरक असा की पायली हे आकारमानाचे माप आहे. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर तांदूळ यांचे वजन एक नसते. ओली ज्वारी आणि वाळलेली ज्वारी यांचेही नसते. माप शिगोशीग भरले की सपाट केले यावर व्यवहार ठरे. शेर हा शब्द तर मापालाही होता आणि वजनालाही, आणि तो गावागणिक वेगळा. १९३९ च्या कायद्याने शेर ८० तोळ्यांचा ठरवला, तरी जुनी मापे बाजारातून हटली नाहीत. १९५६ चा वजनमापे कायदा, १ एप्रिल १९५७ चे नवे पैसे, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आलेला किलो आणि एप्रिल १९६२ पासून वजनांच्या व्यवहारात फक्त मेट्रिक, असा तो प्रवास आहे. केंद्र सरकारात वजनमापे संचालक राहिलेले व्ही. बी. माईणकर या काळाशी जोडलेले नाव. त्यांनीच पुढे सिंधू संस्कृतीच्या मोजमापांवर अभ्यास लिहिला. नव्या वजनांचा कारभार पाहिलेल्या माणसाने साडेचार हजार वर्षांपूर्वीची वजने अभ्यासाला घ्यावीत, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

तोळा मात्र आपण सोडला नाही. पूर्वीचा तोळा बारा मासे किंवा शहाण्णव गुंजांचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम; आज सराफाकडे तोळा म्हणतात तो १० ग्रॅमचा. शब्द तोच आणि वस्तू सुमारे सातव्या हिश्शाने हलकी. आजीच्या काळातल्या दागिन्याची नोंद वाचताना हे लक्षात ठेवावे लागते.

सोन्याचा विषय निघाला की दिल्लीतल्या मराठी माणसांचे एक मोठे काम पुढे येते. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून, विट्याच्या आजूबाजूच्या गावांतून, गलाई व्यावसायिक देशभर गेले. जुने दागिने आटवून सोने-चांदी शुद्ध करणे हा त्यांचा धंदा. जिथे सराफ बाजार तिथे ही मंडळी, आणि दिल्लीच्या चांदणी चौकातही ती आहेत. रसायनशास्त्राच्या पहिल्या धड्यात जे काही आहे ते सगळे त्यांच्या भट्टीपुढे घडते, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

दागिना म्हणजे मिश्रण : सोने, चांदी, तांबे, कधी डाकाचे इतर धातू. मुशीत घालून आच दिली की चांदी ९६२ अंशांना वितळते, सोने १०६४ ला, तांबे १०८५ ला. टाकणखार टाकला की मळ वर येतो. पण आटवून सोने आणि चांदी वेगळी होत नाहीत. ती एकमेकांत पूर्ण विरघळलेली राहतात. वितळणे हा भौतिक बदल, त्याने ओळख बदलत नाही आणि सोबतही सुटत नाही. ती सोडवायला रासायनिक गुणधर्म लागतो. शोऱ्याचे तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, चांदीला आणि तांब्याला विरघळवते, सोन्याला हात लावत नाही. इथे एक खुबी आहे जी ऐकताना उलटी वाटते : सोने शुद्ध करायचे तर आधी त्यात आणखी चांदी मिसळतात. सोन्याचे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्शावर आल्याशिवाय तेजाब आतपर्यंत पोचतच नाही. बाहेरचे सोने आतल्या चांदीवर पांघरूण घालून बसते. चार भागांत एक भाग सोने असे केले की चांदी सगळी निघून जाते, लालसर तपकिरी वाफ उठते, आणि तळाशी उरते ते तपकिरी, मातीसारखे दिसणारे चूर्ण. ते सोने असते. चमक नाही, पिवळेपणा नाही. पुन्हा आटवले की दोन्ही परत येतात. रंगाला सोन्याचा गुणधर्म मानणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा पाहावे. बारीक कणांचा रंग आणि लगडीचा रंग एक नसतो.

तेजाबात गेलेली चांदीही हरवलेली नसते. त्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडली की तांबे विरघळते आणि चांदी बाहेर पडते. वस्तुमान टिकून राहते, हा नियम पुस्तकात लाव्हाझिएच्या नावावर आहे. सोनारांच्या दुकानांतली धूळ आणि राख विकत घेऊन धुणारे आपल्याकडचे झारेकरी त्याच विश्वासावर पोट भरत आले. घट आली तर ती कुठेतरी गेली आहे आणि शोधली तर सापडेल, एवढ्या भरवशावर एक अख्खा व्यवसाय उभा राहिला.

शुद्धता मोजायची कशी? बाजाराच्या बोलीत ‘टंच किती?’ कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढून, तिच्यावर तेजाबाचा थेंब देऊन रेघ किती टिकते ते पाहणे ही जुनी रीत. आज दुकानात क्ष-किरणांचे यंत्र काही सेकंदांत आकडा देते, पण ते वरचा पातळ थरच पाहते. म्हणून हॉलमार्किंगमध्ये वाद निघाला की निवाडा अग्निपरीक्षेचाच. नमुना तोलायचा, चांदी मिसळून शिशाच्या पत्र्यात गुंडाळून तापवायचा, हिणकस धातू सच्छिद्र वाटीत शोषले जातात, मग तेजाबाने चांदी काढायची आणि उरलेले सोने पुन्हा तोलायचे. शुद्धता म्हणजे शेवटी दोन वजनांचे गुणोत्तर. ९१६ हा शिक्का म्हणजे हजारात ९१६ भाग, २४ पैकी २२. जून २०२१ मध्ये देशातल्या २५६ जिल्ह्यांपासून हे हॉलमार्किंग सक्तीचे होऊ लागले, आणि भारतीय मानक ब्युरोच्या दिल्लीतल्या मानक भवनातून त्याचे नियम निघतात.

आता एक बारीक गोष्ट. दोन पारड्यांच्या तराजूवर एका बाजूला सोने आणि दुसऱ्या बाजूला वजन ठेवले तर पृथ्वीचे ओढणे दोन्हीकडे सारखे असते, म्हणून तराजू वस्तुमान दाखवतो. इलेक्ट्रॉनिक काटा तसा नसतो. तो आपल्यावर पडणारा जोर मोजतो आणि त्याचे ग्रॅम करून सांगतो. दिल्ली मुंबईपेक्षा विषुववृत्तापासून दूर आहे, म्हणून दिल्लीत गुरुत्वाकर्षण किंचित जास्त. मुंबईत जुळवलेला काटा तसाच दिल्लीला आणला तर तो किलोमागे अर्ध्या ग्रॅमहून थोडे अधिक दाखवेल. भाजीला त्याने काही होत नाही. शंभर ग्रॅमच्या लगडीला पन्नास-साठ मिलिग्रॅमचा फरक मात्र सराफाला सोसत नाही. वस्तुमान आणि वजन वेगळे, हे सांगायला पुस्तके नेहमी चंद्रावर जातात. एवढे लांब जायची गरज नाही. मुंबई-दिल्लीचा प्रवास पुरतो. काटा जिथे वापरायचा तिथेच ज्ञात वजन ठेवून जुळवावा लागतो.

मग ते ज्ञात वजन कुणी ठरवले? दुकानातल्या वजनावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. निरीक्षकाचे वजन खात्याच्या प्रयोगशाळेतल्या वजनाशी ताडलेले असते. राज्यांची वजने प्रादेशिक संदर्भ प्रयोगशाळांत जातात. त्यांतली एक फरीदाबादला आहे आणि एक आपल्या नागपुरात. त्या सगळ्यांच्या वर दिल्लीत पूसा परिसरातली राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा, बोलण्यात एनपीएल. ४ जानेवारी १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या सात महिने आधी, नेहरूंनी तिची कोनशिला बसवली, २१ जानेवारी १९५० रोजी वल्लभभाई पटेलांनी उद्घाटन केले, के. एस. कृष्णन पहिले संचालक. देश अजून हातात यायचा होता आणि देशाचे मोजमाप कोण ठेवणार याची इमारत उभी राहायला लागली होती, हा क्रम मला विलक्षण वाटतो. देशातल्या बहुतेकांनी एनपीएलची एक निर्मिती बोटावर मिरवली आहे. मतदानाची न पुसली जाणारी शाई तिथे तयार झाली आणि १९६२ च्या निवडणुकीपासून वापरात आली. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असते, म्हणजे गलाईवाल्याच्या तेजाबात चांदी विरघळून जे तयार होते तेच. कातडीवरच्या मिठाशी त्याची क्रिया होते, उजेडाने डाग काळा पडतो, आणि कातडी झडेपर्यंत राहतो.

एनपीएलमध्ये भारताचा किलो आहे. प्लॅटिनम नव्वद टक्के आणि इरिडियम दहा टक्के अशा मिश्रधातूचा लहान दंडगोल, क्रमांक ५७. पॅरिसजवळ ठेवलेल्या मूळ किलोच्या ज्या प्रती देशोदेशी दिल्या गेल्या त्यांतली ही एक. हा मिश्रधातू निवडण्याचे कारण त्याचे गुणधर्म : गंजत नाही, कठीण आहे, आणि घनता इतकी जास्त की किलोभर धातू चार सेंटिमीटर उंचीत मावतो, त्यामुळे हवेशी संपर्क येणारा पृष्ठभाग कमी. पदार्थ मोजायला पदार्थच निवडावा लागला आणि तो त्याच्या गुणधर्मांवरून निवडला गेला.

पण पदार्थ तो पदार्थच. शंभर वर्षांनी मूळ किलो आणि त्याच्या प्रती शेजारी-शेजारी तोलल्या तेव्हा त्यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. मूळ हलके झाले की प्रती जड झाल्या, हे सांगायला काही मार्ग नव्हता, कारण व्याख्येनुसार मूळ वजन कायम एक किलोच. किलोमागे पन्नास मायक्रोग्रॅम म्हणजे दोन कोटींत एक भाग. एवढ्यासाठी जगभरच्या शास्त्रज्ञांनी चार दशके काम केले. ब्रायन किबल यांनी १९७५ मध्ये सुचवलेल्या तराजूत एका पारड्यातल्या वजनाला विद्युतचुंबकीय बलाने तोलून धरतात. दुसरीकडे शुद्ध सिलिकॉनचा, जवळपास निर्दोष गोल घडवून त्यातले अणू मोजले गेले. दोन्ही वाटा एकाच आकड्याला भेटल्या. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्सायला ठराव झाला आणि २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या धातूच्या तुकड्यावरून प्लँकच्या स्थिरांकावर गेली : ६.६२६०७०१५ × १०⁻³⁴ ज्यूल-सेकंद. त्याच दिवशी मोलही मोकळा झाला. तोवर तो कार्बन-१२ च्या बारा ग्रॅमवर टेकलेला होता. आता तो ६.०२२१४०७६ × १०²³ एवढ्या कणांचा संच, बस्स. व्यवहारात वजनांची साखळी अजूनही धातूच्या वजनांतूनच खाली बाजारापर्यंत येते.

गुणधर्म हा पदार्थाच्या अंगचा असतो असे आपण पाठ करतो. मेहरौलीचा लोहस्तंभ त्याला एक पुरवणी जोडतो. सात मीटरहून उंच, सहा टनांहून जड, सुमारे सोळाशे वर्षांचा. तो गंजत नाही असे म्हणतात. खरे तर गंजला आहे म्हणूनच टिकला आहे. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवले की जुन्या रीतीने गाळलेल्या या लोखंडात स्फुरद भरपूर, सुमारे पाव टक्का आहे. आजच्या पोलादात ते मुद्दाम काढून टाकतात. त्या स्फुरदामुळे गंजाचा एक अतिशय पातळ, घट्ट थर बसला आणि त्याने पुढचा गंज अडवला. दिल्लीच्या कोरड्या हवेचीही त्याला साथ मिळाली. हाच खांब कोकण किनाऱ्यावर उभा असता तर काय झाले असते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. गुणधर्म सांगताना परिस्थिती सांगावी लागते. १५ अंशांच्या पेट्रोलसारखेच.

आणि हवा. दिल्लीच्या हवेतले सूक्ष्म कण, पीएम २.५, यांची भारतातली २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलो. भागाकार करून पाहा : दोन कोटींत एक. मूळ किलो आणि त्याच्या प्रती यांत जेवढ्या अंतराने मोजमापाच्या जगाची झोप उडाली, तेवढाच हिस्सा धूळ आपण हवेत कायद्याने चालवून घेतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस त्याच्या चौथ्या हिश्शाची, १५ मायक्रोग्रॅमची आहे. आणि नोव्हेंबरात दिल्लीत हा आकडा कित्येक दिवस शेकड्यांत असतो. प्रौढ माणूस दिवसात दहा-पंधरा घनमीटर हवा आत घेतो.

हा आकडा कशाचा असतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. पीएम २.५ हा एक पदार्थ नाही. सोन्याची घनता १९.३ आणि पाण्याचा उत्कलनबिंदू १०० अंश असे त्याचे काही सांगता येत नाही. काजळी, माती, सल्फेट, नायट्रेट, अमोनियम, सेंद्रिय संयुगे यांचे ते मिश्रण, आणि सकाळचे मिश्रण संध्याकाळी तेच नसते. त्याची व्याख्या रचनेवरून केलेली नाही. हवेत हे कण २.५ मायक्रोमीटरच्या पाण्याच्या थेंबासारखे किंवा त्याहून हलके वागतात, एवढ्यावर ती उभी आहे. त्यामुळे मोजण्याची रीत बदलली की आकडाही बदलतो. काही यंत्रे हवेतला ओलावा घालवायला तिला तापवतात. तेव्हा अमोनियम नायट्रेटचा काही भाग उडून जातो आणि धूळ कमी दिसते. तापवले नाही तर कणांनी शोषलेले पाणीही धूळ म्हणून मोजले जाते. स्वस्त सेन्सर तर तोलतच नाहीत. प्रकाश किती विखुरला यावरून वस्तुमानाचा अंदाज बांधतात, आणि धुक्याच्या सकाळी तो अंदाज हमखास चुकतो.

त्याच्या वर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक. एक्यूआय हे मोजमाप नाही, हे मला जितक्या जोराने सांगता येईल तितक्या जोराने सांगावेसे वाटते. भारतात २०१५ पासून वापरात असलेला हा निर्देशांक आठ प्रदूषकांपैकी ज्याची पायरी सर्वांत वाईट तिचा आकडा देतो, आणि त्याची मोजपट्टी ५०० वर संपते. पीएम २.५ चे १२० मायक्रोग्रॅम म्हणजे आपल्याकडे ३००. अमेरिकेच्या पायऱ्यांनी तोच निर्देशांक बराच वेगळा निघतो. एकाच खिडकीतून दिसणाऱ्या एकाच हवेला दोन फोनांवर दोन आकडे दिसतात, लोक म्हणतात सगळेच खोटे, आणि प्रश्न तिथेच बुडतो. मायक्रोग्रॅम आणि घनमीटर सांगितले असते तर वाद घालायला निदान एकच जागा राहिली असती. दिल्लीच्या हवेचा अंदाज सांगणारी ‘सफर’ यंत्रणा २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी उभी राहिली ती पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या कामातून. हवा मोजणाऱ्या यंत्रांना प्रमाणित करण्याची जबाबदारी २०१९ मध्ये एनपीएलकडे आली, आणि ४ जानेवारी २०२१ रोजी तिथे पर्यावरण मानक प्रयोगशाळेची पायाभरणी झाली. किलो ठेवणाऱ्या घराकडेच धूळ मोजण्याचे मानक जावे, हे योग्यच झाले.

दिल्लीतच श्री अरविंद मार्गावर एनसीईआरटी आहे. तिच्या अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पहिल्या प्रकरणात द्रव्याचे स्वरूप, गुणधर्म, त्यांचे मापन, मापनातली अनिश्चितता, सार्थ अंक आणि मोल असा सारा पट आहे. राष्ट्रीय मानके एनपीएल सांभाळते हेही त्यात लिहिले आहे. प्रकरण चांगले आहे. शिकवताना मात्र ते सात एककांचे पाठांतर आणि सार्थ अंकांचे नियम एवढ्यावर आटपते, कारण पुढच्या परीक्षांत मोलची गणिते येतात. २०२२-२३ मध्ये अभ्यासक्रम हलका करताना अकरावीतून द्रव्याच्या अवस्था आणि पर्यावरणीय रसायनशास्त्र ही प्रकरणेही वगळली गेली. ओझे कमी करण्याची गरज मला कळते. पण ज्या शहरात हवेमुळे शाळा बंद ठेवाव्या लागतात, तिथल्या मुलाच्या पुस्तकातून वायू आणि हवा यांचे धडे जावेत, हे मला पटत नाही आणि पटणारही नाही. सार्थ अंक म्हणजे काय हे समजवायला दिल्लीच्या हवेइतके जिवंत उदाहरण दुसरे नाही. ‘३१२.४७’ असा आकडा एखाद्या स्वस्त यंत्राने दाखवला तर त्यातले किती अंक खरे, हे विचारता आले की तो धडा झाला.

हवेतली धूळ मोजण्याची सर्वांत जुनी आणि आजही संदर्भ मानली जाणारी रीत पुन्हा तोलण्याचीच आहे. ४७ मिलिमीटर व्यासाचा पातळ फिल्टर ठराविक तापमान आणि दमटपणाच्या खोलीत दिवसभर ठेवतात, मग मायक्रोग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर तोलतात. नंतर त्यातून मिनिटाला १६.७ लिटर या वेगाने चोवीस तास हवा ओढतात. म्हणजे २४ घनमीटर. मर्यादेइतकीच धूळ असेल तर फिल्टरवर जमते ती १.४४ मिलिग्रॅम. दिल्लीच्या वाईट दिवशी तो राखाडी-काळा होऊन परत येतो. तो पुन्हा त्याच खोलीत दिवसभर ठेवून पुन्हा तोलतात आणि वजाबाकी करतात. सोबत आणखी एक फिल्टर असतो. तोही तसाच तोललेला, त्याच डबीतून त्याच गच्चीवर नेलेला, पण त्यातून हवा ओढलेली नसते. तो कोराच परत आणून तोलतात. त्याचे वजन जेवढे बदललेले निघते, तेवढ्यापर्यंत काळ्या फिल्टरच्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.